नारिंगी रेघ

सिग्नल लाल झाला आणि ओंडक्यांचा ट्रक नेमका माझ्या पुढ्यात थांबला. फेब्रुवारीतली सकाळ, नऊ वाजून गेलेले, सरोवरावरचा वारा कानाच्या पाळ्या कापत होता, आणि माझ्या हातात बायकोने, मार्लिसने, सांगितलेलं दूध आणि तिने न सांगितलेले चार डोनट होते. डुलुथच्या रस्त्यांवरून असे ट्रक दिवसाला वीस जातात, कुणी त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नाही. मीही बघितलं नसतं. पण माल फार देखणा होता. मेपलचे ओंडके, एकजात गोल आणि सरळ, कापलेली तोंडं पांढरीशुभ्र, मध्ये कुजक्या गाभ्याचा डाग नाही की पोकळी नाही. बेचाळीस वर्षं रानात काढलेल्या माणसाचा असा माल बघून जीव सुखावतो. मनात म्हटलं, कुणाचं रान आहे कोण जाणे, भाग्यवान आहे लेकाचा. आणि मग सालीवरची नारिंगी रेघ दिसली. तोडायच्या झाडाच्या खोडावर, छातीच्या उंचीला, आम्ही नारिंगी रंगाची एक रेघ मारतो. प्रत्येकाची रेघ सहीसारखी वेगळी असते. मी डावखुरा, त्यामुळे माझी उलट्या अंगाने उतरते आणि शेवटी मनगटाला झटका बसून तिला बारीक शेपूट फुटतं. ट्रकवरच्या प्रत्येक रेघेला शेपूट होतं.

सिग्नल हिरवा झाला, ट्रक लाकडाच्या गिरणीच्या दिशेने गेला आणि मी कोपऱ्यावरच उभा राहिलो. काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, काय चुकलंय ते कळत नव्हतं. नियम मला झोपेतून उठवून विचारलात तरी पाठ आहे. आधी वाईट. वाकडं, पोकळ, बुरशी धरलेलं झाड आधी तोडायचं, चांगलं ठेवायचं, म्हणजे त्याला उजेड मिळतो, ते जाड होतं, त्याचं बी पडतं, आणि दर चौदा वर्षांनी तोड केली तरी रान आधीपेक्षा सुधारत जातं. म्हणजे माझ्या रेघेचा ट्रक कुरूपच असायला हवा. असे कुरूप ट्रक मी आयुष्यभर भरून पाठवले आणि गिरणीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. हे सगळं मला त्या कोपऱ्यावर उभं असताना माहीत होतं. डोळ्यांसमोर ट्रक होता, डोक्यात नियम होता, आणि त्या दोघांची गाठ काही पडेना. थोडा वेळ मी वाट बघितली. मग पिशवीतून एक डोनट काढून खाल्ला. गरम होता अजून.

आमचं ऑफिस तिथून तीन चौक वर, चढावर. ‘ओल्लिला आणि हाक्काला, वनसल्लागार’ अशी पाटी आहे. हाक्काला म्हणजे मी, रेइनो. ओल्लिला म्हणजे वाइनो, माझा भागीदार, जो नऊ वर्षांपूर्वी गेला, आणि आता त्याची मुलगी काइसा. तिला मी पाळण्यात पाहिलंय. छत्तीस वर्षांची झाली, वनशास्त्राची पदवी घेतली, तरी मला तिच्या आजीच्या फिनिश बोलीतच ‘सेटा’ म्हणते, म्हणजे काका. मी आत गेलो तेव्हा ती फोन खाली ठेवत होती आणि तिचा चेहरा बघून मी डोनटची पिशवी पुढे केली.

“सेटा, बसा.”

“बसतो. खाऊन घे आधी, गार होतील.”

“निस्कालाबाईंच्या रानात खुणा तुम्ही केल्यात ना? ऑक्टोबरात?”

“मी नाही तर काय तुझ्या बापाचं भूत?”

ती हसली नाही. एरवी हसते. “ड्वेनचा फोन होता. तोड सुरू करून आठ दिवस झाले. पंधरा एकर झालेत. खूश आहे नुसता. म्हणतो, चाळीस वर्षांत असा माल उचलला नाही, रेइनोच्या हातून तर कधीच नाही. म्हणून काल संध्याकाळी मी जाऊन बघून आले.” तिने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली, परत उचलली. “उरलेल्या पासष्ट एकरांतही तसंच आहे. चांगलं झाड दिसलं की रेघ. पोकळ, वाकडी, तडकलेली, सगळी ठेवलीत. मी एक एक ओळ चालले, सेटा. एकही चुकून सुटलेलं नाही. उलटं करायचं ठरवून केल्यासारखं केलंय.”

त्यावर मी काय बोललो ते मला नीट आठवतं, कारण माझी आठवण शाबूत आहे, तेच तर दुःख आहे. मी म्हणालो, “असेल काहीतरी कारण.” आणि हे मी थाप म्हणून बोललो नाही. मला खरंच वाटलं की कारण असेल, कुठेतरी ठेवलेलं असेल, शोधलं की सापडेल. माणूस बेचाळीस वर्षं एक काम करतो, त्याच्या हाताला उगीच वळण लागत नाही. काइसा माझ्याकडे बघत राहिली आणि मी खिडकीतून सरोवरावरचा बर्फ बघत राहिलो. बर्फ फार सुंदर दिसत होता.

निस्कालाबाईंचं रान म्हणजे माझ्या आयुष्याची वही आहे. ऐंशी एकर, शहरापासून तासाभरावर. ब्याऐंशी साली वाइनोने मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि रान म्हणजे नुसता उकिरडा होता. आधीच्या मालकाने चांगलं तेवढं ओरबाडून नेलेलं, मागे राहिलेली कुबडी, रोगट झाडं, आणि त्यांच्या सावलीत मांडीएवढे कोवळे मेपल गुदमरून उभे. निस्कालाबाईंचा नवरा तेव्हा होता. तो म्हणाला, हे साफ करून बटाटे लावतो. वाइनोने त्याला तीन तास फिरवलं. झाडं दाखवलीच नाहीत त्याला, जी नव्हती तीच दाखवली. इथे पुढच्या खेपेला उजेड पडेल, इथे पिवळा बर्च येईल, हा मेपल तुझी नात म्हातारी होईल तेव्हा इतका होईल, असं म्हणून त्याने हवेत दोन्ही हात पसरले. नवऱ्याला नात सोडा, मूलच तेव्हा शाळेत जात होतं. पण बाई ऐकत होत्या. त्यांनी बटाटे लावू दिले नाहीत. मग शहाण्णव, मग दोन हजार दहा, आणि आता ही चौथी खेप. आधीच्या तिन्ही खेपांना खुणा मीच केल्या. प्रत्येक खेपेला घाण बाहेर काढली आणि चांगलं मागे ठेवलं, आणि चौथ्या खेपेला ते रान असं झालं होतं की महाविद्यालयातली पोरं बसने बघायला यायची. मी त्यांना सांगायचो, पोरांनो, यातलं एकही झाड माझ्यासाठी नाही. असं बोलताना मला फार बरं वाटायचं. गर्वच होता तो.

आता ऑक्टोबर आठवतो. चार दिवस लागले खुणा करायला. पानं पिवळी होऊन निम्मी गळलेली, जमिनीवरूनही उजेड येत होता आणि मी फवाऱ्याची बंदूक घेऊन शीळ घालत फिरत होतो. शीळ मी कधी घालत नाही. पूर्वी खुणा करताना मी चिडका असायचो, मार्लिसला विचारा, संध्याकाळी घरी आलो की बोलायचो नाही. कारण झाडासमोर उभं राहिलं की ते झाड एकटं नसायचं. ते पडलं तर कुठे पडेल, कुणाला घेऊन पडेल, त्या जागी उजेडात पुढच्या वर्षी काय उगवेल, त्यातलं हरीण काय खाईल, शेजारचा मेपल चौदा वर्षांनी किती सुटेल, असं सगळं मागे उभं असायचं आणि त्या गर्दीतून वाट काढत एक निर्णय घ्यायचा, असे दिवसाला तीनशे. डोकं फुटायचं. या ऑक्टोबरात डोकं फुटलं नाही. झाडासमोर गेलो की फक्त झाड. ओढ्याकाठचा तो मेपल मला आठवतो, ब्याऐंशी साली मी त्याला हात टेकला होता, माझी पहिली निवड, ‘हा ठेवायचा’ असं मी धीर करून म्हणालो होतो आणि वाइनोने मान हलवली होती. आता त्याला दोन माणसांची कवळ लागते. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, तो किती छान झालाय असं वाटलं, अगदी डोळे भरून आले, आणि हात वर गेला आणि रेघ उमटली. हे सगळं मला लख्ख आठवतं. रंगाचा वास आठवतो. त्या क्षणी मला आनंद झाला होता. चांगलं झाड, पिकलेलं, घ्यावं. ते गेल्यावर काय, हा प्रश्न आलाच नाही. मी तो टाळला असता तर बरं झालं असतं, टाळलेल्या गोष्टीची माणसाला लाज तरी वाटते.

दुपारी काइसाने मार्लिसला फोन केला असणार, कारण मी घरी पोचलो तेव्हा मार्लिस दारातच उभी होती. ती नॉर्वेजियन घरातली, त्या लोकांना घरात बसून रडता येत नाही, म्हणून ती लाकडांच्या छपराखाली जाऊन उभी राहिली आणि मीही गेलो. छप्पर निम्मं रिकामं होतं. आमच्याकडे शेगडीचं आणि साउनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, लाकूड एक वर्ष आधी फोडून रचतात, या हिवाळ्यात जळतं ते मागल्या वसंतातलं. लहान पोरालाही कळतं हे. लग्न झाल्यापासून माझं छप्पर कधी रिकामं राहिलं नव्हतं, गल्लीतले लोक चेष्टा करायचे, हाक्काला मेला तरी दोन वर्षं उबेत राहील म्हणून. गेल्या वसंतात मी लाकूड फोडलं नाही. मार्लिसने विचारलं तेव्हा म्हणालो, पुढचं पुढे बघू. आणि या हिवाळ्यात आम्ही ओलं लाकूड जाळतोय, साउनात धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात.

“मला वाटलं तू सुधारलास,” मार्लिस म्हणाली. “खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. चाळीस वर्षं या घरात कुठली गोष्ट आजची नव्हती. सुट्टीला जायचं तर पुढल्या साली, सोफा घ्यायचा तर टिकेल असा. आणि मागच्या वर्षी तू अचानक म्हणालास, चल, आत्ता तळ्यावर जाऊ. गेलो आपण. मंगळवार होता. मी बहिणीला फोन करून सांगितलं, माझा नवरा म्हातारपणी माणसात आला.”

“मग? वाईट काय झालं त्यात?”

“तेच म्हणते मी. आजाराला मी सुख समजले, रेइनो. ओळखायला मीच हवी होते ना? मी तर खूश होते.”

ती माझ्या कोटाची गुंडी लावत होती, जी लागलेलीच होती. मी तिला जवळ घेतलं. तिला काय हवं होतं ते मला समजत होतं. तिला वाटत होतं मी घाबरावं, तिच्याइतकं, म्हणजे आम्ही दोघं एका बाजूला येऊ. मी प्रयत्न केला. पण घाबरायला पुढचा एखादा दिवस डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे तिची गुंडी होती, थंडीने लाल झालेलं तिचं नाक होतं.

डॉक्टरकडे आम्ही डिसेंबरातच जाऊन आलो होतो. हे काइसाला माहीत नव्हतं. मार्लिसनेच नेलं होतं, नाताळच्या आधी, मी बिलं आणि पत्रं न उघडता खोक्यात टाकतो म्हणून. डॉक्टर रेनर ही बारीक, खोकणारी बाई. तिने मला आजची तारीख विचारली, पाच शब्द देऊन दहा मिनिटांनी परत मागितले, घड्याळ काढायला लावलं. सगळं बिनचूक. वर मी तिला तिच्या टेबलाचं लाकूड कुठलं ते सांगितलं. मग तिने तीन खुंट्या आणि रंगीत चेंडू पुढे ठेवले आणि म्हणाली, या चित्रात आहेत तसे लावा, कमीत कमी वेळा हलवून. लाल चेंडू शेवटी डावीकडे हवा होता, मी तो लगेच डावीकडे ठेवला. मग निळा त्याच्याखाली जाईना. मी लाल काढला, निळा ठेवला, हिरवा अडकला. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा लाल आधी डावीकडे. सात वेळा. ती थांबवत नव्हती. सातव्या वेळी मला तिचा राग आला. मी म्हटलं, बाई, हा पोरखेळ आहे. ती म्हणाली, हो, म्हणूनच विचारते.

मेंदूचं छायाचित्र तिने भिंतीवरच्या पडद्यावर दाखवलं. पुढच्या भागात, कपाळाच्या मागे, पांढरे ठिपके. पंधरा वर्षं रक्तदाब चढता होता आणि मी गोळ्या घेत नव्हतो. आठवड्यातून दोनदा घ्यायचो, तेही मार्लिस समोर असली तर. बारीक बारीक रक्तवाहिन्या एकेक करून बंद पडत गेल्या, मला कळलंही नाही, डोकं दुखलं नाही, जीभ अडखळली नाही. “तुमची आठवण उत्तम आहे,” डॉक्टर रेनर म्हणाली, “पुढेही बरीच वर्षं राहील. बोलणं राहील, हातातलं कसब राहील. गेलंय ते पुढचं बघणं. एक पाऊल टाकल्यावर दुसरं कुठे पडेल, तिसरं कुठे, ते डोक्यात धरून ठेवणं. तुम्ही काय काम करता?” मी सांगितलं. ती मग खोकली. “म्हणजे शंभर वर्षांचा विचार करून झाडं ठेवायचं काम.” मी म्हटलं, हो. “आणि रोजची एक गोळी...” एवढं बोलून ती थांबली, सभ्य बाई होती. लोकांच्या नातवंडांचं मी बघितलं आणि स्वतःच्या डोक्यात मात्र आग लागली तरी विहीर खणली नाही. ती म्हणाली, कामाच्या ठिकाणी सांगा, लवकर. मी म्हटलं, सांगतो. आणि खरंच सांगणार होतो. पण सांगायचं म्हणजे नंतर कधीतरी, आणि ते ‘नंतर’ काही येईना. ऑक्टोबरातल्या खुणांची आणि डॉक्टरच्या चेंडूंची मी सांगड घातली नाही. निस्कालाबाईंच्या रानात जमीन गोठायची वाट बघत ड्वेनची यंत्रं उभी होती आणि मी नाताळचा मासा खात होतो.

बुधवारी काइसा घरी आली. मार्लिसने तिला सगळं सांगितलं, मी शेजारीच बसून ऐकलं, माझ्याबद्दल नसल्यासारखं. काइसाने ओठ चावला.

“डिसेंबरपासून माहीत होतं? डिसेंबरात फोन केला असतात तर एक झाड पडलं नसतं, सेटा. एक झाड.”

“सांगणारच होतो गं.”

“पंधरा एकर!” मग तिचा आवाज उतरला. “ते जाऊ दे. पासष्ट वाचतात अजून. नारिंगीवर काळा रंग मारला की खूण रद्द, आम्ही चौघं मिळून आठवड्यात करू. पण बाई ऐकत नाहीयेत.”

“कोण बाई?”

“निस्कालाबाई. मी काल फोन केला, सरळ सांगितलं की खुणा चुकल्यात. त्या म्हणाल्या, रेइनोने केल्यात ना? मग चुकल्या नाहीत, तुला कळल्या नाहीत. म्हणाल्या, तुझा बाप होता तेव्हाही रेइनोला लांबचं दिसायचं, तू अजून लहान आहेस. ड्वेनला मी शुक्रवारपर्यंत थांबवलंय. शुक्रवारी त्यांनी हो म्हटलं की तो सुरू करणार, रान त्यांचं आहे, मी कोण?” ती माझ्याकडे वळली. “तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं त्या ऐकणार नाहीत. तुम्ही चला. आणि त्यांना सांगा की कारण नव्हतं.”

गुरुवारी सकाळी निघालो. काइसा गाडी चालवत होती, मी खिडकीशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध, त्यामागे काळी स्प्रूसची झाडं. तासभर ती मला शिकवत होती काय बोलायचं, आणि मी हो हो म्हणत होतो, पण आतून मला वेगळंच वाटत होतं. वाटत होतं, कशावरून कारण नव्हतं? डॉक्टरने चेंडू बघितले, रान नाही बघितलं. वाइनो मला सांगायचा, हाताला डोक्याआधी कळतं. माझ्या हाताला कळलं असेल काही. मेपलला आता दक्षिणेकडून रोग येतोय म्हणतात, हिवाळे आखडतायत. मी स्वतःची वकिली करत होतो आणि एकेक मुद्दा असा चपखल बसत होता की मलाच नवल वाटलं. मग ध्यानात आलं की हे मुद्दे मी आत्ता, या गाडीत, जन्माला घालतोय. ऑक्टोबरात यातलं एकही नव्हतं. ऑक्टोबरात फक्त शीळ होती. हे जाणवलं आणि पहिल्यांदाच मला त्या रानाची भीती वाटली, म्हणजे तिथे जाऊन काय दिसेल त्याची. ती भीती दोनेक मैल टिकली.

ड्वेनने तोडलेला तुकडा रस्त्यावरूनच दिसतो. काइसाने गाडी थांबवली नाही, हळू केली. बर्फात पांढरे बुंधे, प्रत्येकाच्या तळाशी आमची दुसरी खूण, एक नारिंगी ठिपका. झाड पडल्यावरही ते कुणाच्या सांगण्यावरून पडलं हे कळावं म्हणून तो ठिपका मुळाजवळ मारतात. आणि त्या बुंध्यांच्या मधे उभी राहिलेली झाडं, कुबडी, तडकलेली, अंगावर गाठी. ब्याऐंशी साली मी पहिल्यांदा पाय ठेवला होता तेच रान. मी बेचाळीस वर्षं चाललो आणि जिथून निघालो तिथेच येऊन उभा राहिलो. रडू आलं मला. काइसा म्हणाली, “सेटा, आता नको. आत गेल्यावर बोलायचंय.”

निस्कालाबाईंना चौऱ्याऐंशी वर्षं झालीत. ताठ बसतात, कानाला यंत्र आहे पण ते ड्रॉवरमध्ये असतं. स्वयंपाकघरात कॉफी तयार होती, वेणीसारखा गुंफलेला वेलदोड्याचा गोड पाव, पुला, कापून ठेवलेला होता, आणि खिडकीशेजारची खुर्ची माझी, ती त्यांनी हाताने पुसली.

“ये. मुलीला घेऊन आलास, बरं केलंस. तिला समजाव जरा. परवा मला फोनवर सांगत होती रेइनो चुकला म्हणून.” त्या काइसाकडे बघून हसल्या, रागाने नाही. “पोरी, मी विचार केलाय त्याच्यावर. मला कळलंय तो काय करतोय.”

“काय करतोय?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मेपलचे दिवस भरलेत. तू मागे म्हणाला होतास, हिवाळे असेच आखडत गेले तर मेपल इथे टिकायचा नाही. म्हणून तू तो आत्ताच काढतोयस, बरा आहे तोवर. आणि वाकडी ठेवलीस ती सावलीला, त्यांच्याखाली ओक यावा म्हणून. माझी नात एलिना म्हातारी होईल तेव्हा इथे ओकचं रान असेल. बरोबर?” त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. “मला वाटलंच. नवरा असता तर म्हणाला असता, रेइनो वेडा झाला. मी म्हटलं, नाही. ब्याऐंशी सालीही लोक वेडाच म्हणत होते.”

काइसा खाली बघत होती. मला तिचे हात दिसत होते, मांडीवर एकमेकांत घट्ट. आणि बाईंचं बोलणं इतकं नीट होतं. गाडीत मी जे रचलं त्याहून नीट. एकदा मान हलवली असती तर मी परत तो रेइनो झालो असतो ज्याला लांबचं दिसतं. खुर्ची पुसलेली राहिली असती. शुक्रवारी यंत्रं सुरू झाली असती, हे मला माहीत होतं, पण ते माहीत असणं एखाद्या परक्या गावाचं नाव माहीत असावं तेवढंच होतं. समोर बाईंचा चेहरा होता, आणि तो मला हवा होता. मान हलायला लागली होतीच. ती कशाने थांबली ते मी सांगू शकत नाही. पुढचं काही दिसलं म्हणून नाही, एवढं नक्की. मागचं दिसलं असेल, वाइनोने हवेत पसरलेले हात, किंवा नुसती लाज.

“नाही, लेम्पी,” मी म्हटलं. बेचाळीस वर्षांत मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. “असं काही नव्हतं. ओक नव्हता डोक्यात. काहीच नव्हतं.”

“म्हणजे?”

“झाडं छान दिसली. हात वर गेला. बस्स. माझ्या डोक्याचा पुढचा भाग गेलाय, डॉक्टरने छायाचित्र दाखवलं. मला आता पुढचं दिसत नाही. या खुणा वेड्याच्या आहेत, तुम्ही त्यांना अर्थ देऊ नका. तुम्ही आत्ता जे बोललात ते सगळं तुमचं आहे.”

त्यांनी नीट ऐकू आलं नसल्यासारखा कान पुढे केला. मला पुन्हा बोलावं लागलं, मोठ्याने, एकेक शब्द, मेंदू, गोळ्या, डिसेंबर, पंधरा एकर. दुसऱ्या वेळी सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही नव्हतं. निस्कालाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्या खिडकीतून रान दिसतं, उरलेलं. मला वाटलं त्या मला काहीतरी बोलतील, शिवी देतील, त्यांना शोभली असती. हळूच त्यांनी ड्रॉवर उघडला, कानाचं यंत्र काढून कानात बसवलं आणि खुर्ची फिरवून काइसासमोर आणली.

“बोल, मुली,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून सांग. काय वाचवता येईल?”

काइसाने नकाशा पसरला. दोघी त्याच्यावर वाकल्या. काइसा सांगत होती, इथे काळा रंग, इथे दहा वर्षं हात लावायचा नाही, इथे पुढच्या वसंतात रोपं, तुम्ही नसाल, मीही म्हातारी झालेली असेन, पण एलिनाला इथवर दिसेल. तिने हवेत हात पसरले. निस्कालाबाई त्या हातांच्या मधे टक लावून बघत होत्या, तिथे काही असल्यासारखं. मीही बघितलं. तिथे भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. माझ्यासाठी दार बंद झालं होतं आणि मला फार, फार वाईट वाटायला हवं होतं, हेही मला कळत होतं. मी थोडा वेळ त्या वाईट वाटण्याची वाट बघितली. मग पुलाची आणखी एक फोड घेतली. ताजी होती, वेलदोडा सढळ हाताने घातलेला होता.